आमचा रस्ता आणि अण्णांचं पुणं

दुकानदार माणसाला सकाळी गिऱ्हाईक येईपर्यंत आणि दुपारी गिऱ्हाईक गेल्यावर काही काम नसतं. मग तो रस्त्याकडे बघत बसतो. माझे आजोबा बघत बसायचे, वडील बघत बसायचे, आता मी बसतो. तीन पिढ्या एकाच रस्त्याकडे बघत बसल्यावर किस्से साठणारच की! बायको म्हणते, दुकानात मालापेक्षा किस्सेच जास्त झालेत, तेच विकायला ठेवा. ठेवले असते हो, पण कोल्हापुरात किस्सा विकत कोण घेणार? इथं प्रत्येकाकडे घरचेच पडून आहेत.

महाद्वार रोडवरून आत वळलं की आमचा रस्ता लागतो. तोंडालाच निळी पाटी आहे, त्यावर रस्त्याचं सरकारी नाव आहे. पण पाटीच्या पुढ्यात विजेचा डबा उभा केल्यामुळं ते नाव आजवर कुणी पुरतं वाचलेलं नाही. आजोबा इथं फेट्याचं कापड विकायचे. फेटे गेले, वडिलांनी धोतरं आणि लुगडी ठेवली. तीही गेली, मी मॅचिंग सेंटर काढलं. साडीवरचं ब्लाउजपीस, परकर, फॉल, अस्तर. आणि गंमत बघा, आता लग्नात पुन्हा फेटे आले! आजोबा असते तर माझ्या कानाखाली एक ठेवून दिली असती.

माझ्या बरोबर समोर अण्णांचं भांड्यांचं दुकान. अण्णा मूळचे शिरोळकडचे, जैन, वय पंचाहत्तरीच्या पुढं, आवाज मात्र पंचविशीतल्या पैलवानाचा. बायको वारल्यापासून दुकानाच्या माडीवर एकटेच राहतात. मुलगा अभिनंदन पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. गेली काही वर्षं तो अण्णांच्या मागं लागलाय, दुकान विका आणि पुण्याला चला. अण्णा दरवेळी "बघू" म्हणतात. अण्णांच्या त्या एका "बघू"वर आमचा अख्खा रस्ता टांगून होता. कारण अण्णा गेले तर समोर बघायचं काय, हा माझ्यापुढचा खराखुरा प्रश्न होता.

* * *

आमच्या दुकानांना पूर्वी पायऱ्या होत्या. रस्त्यावरून वर चढून दुकानात यायचं. मग महापालिका दरवेळी डांबराचा नवा थर टाकत गेली. जुना कुणी उकरला नाही. एकेक पायरी रस्त्यानं गिळली. पायऱ्या संपल्यावरही रस्ता काही थांबला नाही, आता अण्णांच्या दुकानात जायचं तर खाली उतरावं लागतं.

मागच्या वेळी डांबर टाकायला आले तेव्हा मी साहेबांना गाठलं. म्हटलं, "साहेब, दुकानं पार खाली गेली."

साहेबांनी वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "मग दुकान वर घ्या की!"

मी संतापलो. अण्णांनी मला आत ओढलं. म्हणाले, "दिन्या, भांडू नगंस. रस्ता असाच वाढत ऱ्हायला तर पुढच्या खेपंला गिऱ्हाईक माडीवनं येणार. मी आताच वरच्या खिडकीत भांडी मांडतो!"

आणि खरंच मांडली! खिडकीत अजून दोन कळश्या आहेत.

* * *

आमच्या इथं पत्ता सांगायची एक पद्धत आहे. जे नाही त्याच्यावरून सांगायचं. कोपऱ्यावर शालनवैनींचा चहाचा गाडा आहे. रस्त्याच्या चौकशी-खिडकीचं काम त्याच करतात, तेही फुकट.

एकदा कुरिअरवाल्याचा फोन आला. गडी नवा, लातूरकडचा. माझ्या हातात मापाची पट्टी होती, म्हणून फोन वैनींकडं दिला.

वैनी सुरू झाल्या, "हे बघा पावणं, महाद्वार रोडनं सरळ या. गुऱ्हाळ हुतं तितनं आत वळा. मग सायकलवाल्याचं दुकान हुतं बघा, ते सोडा. फुडं पिंपळ हुता. पिंपळाच्या अंगाला पाण्याचा नळ हुता, त्येच्या समोर."

मग तो बिचारा म्हणाला, "मावशी, यातलं आत्ता काय काय आहे?"

वैनी म्हणाल्या, "आत्ता मी हाय की! चहाच्या गाड्यावर ये."

आला. चहा पिऊन गेला. आता तोच दुसऱ्यांना पिंपळावरून पत्ता सांगतो.

* * *

माझ्या धंद्यातलाही एक सांगतो. ऐन जुलैत गगनबावड्याच्या एक बाई आल्या. पिशवीतून साडी काढली, तर साडी ओली. नुसती दमट नव्हे, पिळली तर पाणी निघेल अशी ओली. म्हणाल्या, "ह्येच्यावर मॅचिंग द्या."

म्हटलं, "मावशी, ओल्या कापडाचा रंग गडद दिसतो. वाळवून आणा, मग बरोबर जुळवून देतो."

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "वाळवून? आमच्याकडं?"

"मग काय झालं?"

"आवं, आमच्याकडं आता दिवाळीपतोर काय बी वाळत न्हाय. लगीन हाय पुढच्या आठवड्यात. मी ओलीच नेसणार, बघणारं बी ओलंच आसणार. तुमी ओल्यालाच जुळवा!"

मी ब्लाउजपीसही पाण्यात बुडवून जुळवलं. तीस वर्षांच्या धंद्यात असं मॅचिंग मी पुन्हा कधी केलं नाही. दिवाळीनंतर त्या मुद्दाम येऊन सांगून गेल्या, "वाळल्यावर बी जुळलं बरं का!"

* * *

भांड्यावर नाव घालणं ही अण्णांच्या दुकानाची खासियत. त्यांचे वडील छिन्नी-हातोडीनं घालायचे, अण्णांकडं विजेचं मशीन आहे. जन्मभर त्या टर्रर्र आवाजात बसून अण्णांना कमी ऐकू येतं. म्हणून त्यांची पद्धत अशी की गिऱ्हाइकानं नाव मोठ्यानं सांगायचं आणि चूक नको म्हणून अण्णांनी त्याहून मोठ्यानं म्हणून दाखवायचं. कुणाच्या लग्नात कोण काय देणार हे लग्नाआधी आमच्या रस्त्याला पाठ असतं.

एकदा एक गृहस्थ आले. चांगलं मोठं पातेलं घेतलं. अण्णांच्या कानाशी लागून म्हणाले, "थोरल्या मेव्हणीच्या घरभरणीला आहे."

अण्णा गरजले, "थोरल्या मेव्हणीला पातेलं! नाव सांगा!"

"अण्णा, जरा हळू..."

"आँ? मागच्या खेपंला धाकटीला चमचं दिलतासा, तसंच घालू का नाव?"

आता योग बघा. ती धाकटी मेव्हणी त्याच वेळी माझ्या काउंटरवर अस्तर बघत उभी! तिनं अस्तर खाली ठेवलं आणि सरळ रस्ता ओलांडला. दाजींकडं नुसती बघत उभी राहिली. दाजींनी घाम पुसला आणि म्हणाले, "अण्णा, दोन पातेली करा."

अण्णांचा निम्मा धंदा असाच झालेला आहे.

आणखी एकदा कोडोलीची पोरं आली होती, मित्राच्या लग्नाचा आहेर घ्यायला. पोरं सहा आणि घेतली एक वाटी. वर सगळ्यांची नावं घाला म्हणाली. अण्णांनी वाटी फिरवून फिरवून बघितली.

"सहा नावं, नवऱ्याचं, नवरीचं, वर सप्रेम भेट. मग आमटी कुटं वताय्ची?"

"अण्णा, बाहेरनं घाला की."

"बाहेरनं मावत न्हाय. असं करा, पिंप न्या. अख्ख्या कोडोलीची नावं घालून देतो!"

पोरं इरेला पेटली. एकमेकांचे खिसे चाचपले आणि पिंप घेतलं! मोटरसायकलवर मधल्या पोरानं ते पिंप मांडीवर धरलं होतं. पुढच्याला रस्ता दिसत होता, मागच्याला पिंप सोडून काही दिसत नव्हतं.

* * *

एक किस्सा मात्र मी सांगताना जरा जपून सांगतो. एक बाई पिशवीभर भांडी घेऊन आल्या. चेहरा उतरलेला. सासूशी पटत नव्हतं, एकाच घरात चुली वेगळ्या झाल्या होत्या, वाटणीला ही भांडी आली होती. सगळ्यांवर सासूचं नाव. म्हणाल्या, "अण्णा, हे नाव काढून द्या."

अण्णा म्हणाले, "बाई, हे मशीन नाव घालायचं हाय, काढायचं न्हाय."

बाई तिथंच बसल्या. अण्णांनी वैनींकडून चहा मागवला. बाई रडत रडत सगळं सांगत होत्या. अण्णांना त्यातलं फारसं ऐकू आलं नसावं, पण मान मात्र बरोबर जागच्या जागी हलत होती. शेवटी बाई डोळे पुसून म्हणाल्या, "बरं, मग खाली माझं घाला. आणि तिच्यापेक्षा मोठं घाला!"

"घालतो की!"

पंधरा दिवसांनी तीच भांडी घेऊन सासू हजर! "अण्णा, माझं नाव परत घाला. तिच्यापेक्षा मोठं!"

अण्णांनी तेही घातलं. मग पुन्हा सून आली. मग पुन्हा सासू. शेवटी एका पातेल्यावर बोट ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा दोघी मिळून आल्या आणि नवं पातेलं घेऊन गेल्या. त्याच्यावर कुणाचं नाव घालायचं ते अजून ठरलेलं नाही म्हणे, त्यामुळं ते कोरंच आहे आणि घरात शांतता आहे.

* * *

अण्णांच्या शेजारी इसाकभाई. वडील स्टो दुरुस्त करायचे, इसाकभाई मिक्सर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. अण्णा भांडी विकणार, त्या भांड्यांत शिजवायची शेगडी इसाकभाई नीट करणार, असा दोन्ही घरांचा आजोबांपासूनचा शेजार.

अण्णांचा नेम असा की सूर्य मावळायच्या आत जेवायचं. इसाकभाई रमजानात सूर्य मावळल्यावर तोंडात घास घालणार. एरवी काही नाही, पण रमजानात संध्याकाळी दोघंही एकाच सूर्याकडं डोळे लावून बसलेले! एकाला तो अजून थोडा हवा असतो आणि एकाला तो कधी एकदा जातो असं झालेलं असतं.

एके वर्षी अण्णांना ऐन वेळी गिऱ्हाईक लागलं. लग्नाच्या भांड्यांचं गिऱ्हाईक, हलता हलेना. ते गेलं तेव्हा अण्णांनी घाईघाईनं डबा उघडला. भराभर घास घेतायत. तेवढ्यात अजान झाली. इसाकभाईंनी खजूर हातात घेतला आणि सहज डावीकडं बघितलं. अण्णांच्या हातात भाकरीचा शेवटचा तुकडा.

इसाकभाई म्हणाले, "अण्णा, दिवस बुडाला की वो!"

अण्णा भरल्या तोंडानं ओरडले, "गप ऱ्हा! मी जेवतोय म्हंजे दिवस हाय!"

दिवसभराचा उपाशी माणूस तो. पण अण्णांचा घास पोटात जाईपर्यंत इसाकभाईंनी हातातला खजूर तसाच धरून ठेवला. मग दोघंही हसले. मला त्या वेळी काय वाटलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगतो. मला माझ्या रस्त्याचा फार अभिमान वाटला.

* * *

मध्यंतरी अभिनंदन एका गृहस्थांना घेऊन आला. त्यांना मोबाईलची शोरूम काढायची होती. अण्णांचं दुकान बघितलं, पसंत पडलं. मग माणूस हुशार म्हणून शेजाऱ्यांकडं चौकशी करायला आला. आम्ही काही ठरवलं नव्हतं हो! जे खरं तेच सांगितलं.

"लोकेशन कसं आहे?"

"एक नंबर!" इसाकभाई म्हणाले.

"पार्किंग?"

"भरपूर हाय की! पार तिकडं रंकाळा तळ्यावर."

"पावसात पाणी वगैरे?"

मी म्हटलं, "रस्ता वर गेल्यामुळं आत येतं. पण थांबत नाही, मागच्या दारानं निघून जातं. पाहुणा चांगला आहे."

"नवरात्रात गर्दी चांगली असेल ना?"

वैनी चहा ओतत म्हणाल्या, "लई! पर गिऱ्हाईक दुकानात शिरत न्हाय. मागची गर्दी त्येला फुडं ढकलत न्हेती. काय घ्यायचं आसलं तर चालता चालता घ्यावं लागतंय."

"आणि मिरवणुका?"

"त्या जोरात असतात," इसाकभाई खुशीत म्हणाले. "साउंड लागला की काचा थरथर थरथर थरथरत्यात. म्हणून आमी कुणीच काच लावत न्हाय. तुमचा माल कशाचा म्हणालासा?"

गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले. आम्ही हसून हसून बेजार झालो.

अभिनंदन मात्र हसला नाही. माझ्या दुकानात येऊन बसला. म्हणाला, "काका, तुम्हाला गंमत वाटते. परवा अण्णा माडीच्या जिन्यात घसरले. मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही तुम्ही फोन केला म्हणून. रात्री पडले असते तर? तुम्ही सगळे दुकानं बंद करून घरी जाता. मग वर ते एकटेच असतात ना?"

माझं हसू जागच्या जागी विरलं. पोरगं काही चुकीचं बोलत नव्हतं. आई गेल्यापासून बापाच्या काळजीनं त्याला झोप येत नसणार, आणि आम्ही इकडं त्याची गिऱ्हाइकं पळवून लावतोय! मी इसाकभाईंना सांगितलं, वैनींना सांगितलं. तिघांनी तोंडं पाडून ठरवलं की आता अडवायचं नाही. अण्णांना जाऊ द्यायचं. दुकानाचं पुढं बघता येईल, आधी माणूस पोराजवळ गेला पाहिजे.

* * *

आता कोल्हापुरात तीन माणसांनी एक गोष्ट ठरवली की तिची कमिटी होते. निरोप समारंभाची कमिटी झाली. इसाकभाई अध्यक्ष, मी उपाध्यक्ष, वैनी खजिनदार. मंडप ठरला, हलगी ठरली, फेटा ठरला. फेट्याचं कापड माझ्याकडून, आजोबांच्या आठवणीखातर. आम्ही सगळे इतके कामाला लागलो की एक गोष्ट राहूनच गेली. अण्णांना कुणी विचारलंच नाही! अभिनंदनला वाटलं आम्ही विचारलं, आम्हाला वाटलं अभिनंदननं विचारलं. अण्णा सगळं बघत होते आणि भांडी पुसत होते.

फ्लेक्स करायला इसाकभाई गेले. फ्लेक्सवाल्याकडं तयार डिझाइनं दोन, एक वाढदिवसाचं आणि एक श्रद्धांजलीचं. वाढदिवसाच्या डिझाइनमध्ये मागं वाघ होता आणि फोटोला गॉगल लावावा लागत होता. इसाकभाईंना ते काही अण्णांना शोभेल असं वाटलं नाही. ते म्हणाले, "ते दुसरं साधं, सोबर हाय ते घ्या. मजकूर तेवढा बदला."

मजकूर बदलला. पण कमळं राहिली आणि दोन्ही बाजूंच्या समयाही राहिल्या. मध्ये अण्णांचा आधार कार्डावरचा गंभीर फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, "अण्णा, आपली उणीव सदैव भासेल!"

सकाळी फ्लेक्स लागला. दहाच्या सुमाराला कोडोलीचे एक जुने गिऱ्हाईक डोळे पुसत आले. हातात हार. फ्लेक्सला हात जोडले आणि जड पावलांनी दुकानात उतरले, घरच्यांचं सांत्वन करायला. समोर अण्णा, परात पुसत बसलेले.

पाहुणा हार हातात धरून थिजला.

अण्णांनी वर बघितलं. म्हणाले, "हार आणलायसा तर घाला की! वाळीवताय कशाला?"

त्यानं घातला. अण्णांनी तो दिवसभर गळ्यात ठेवला. फ्लेक्सकडं बघून एवढंच म्हणाले, "फोटो बरा आलाय."

* * *

रविवारी दुपारी समारंभ झाला. मी बोललो, जरा जास्तच बोललो. मग अध्यक्ष इसाकभाई उठले. माइक हातात घेतला, "अण्णा म्हंजे..." म्हणाले आणि थांबले. पुन्हा "अण्णा म्हंजे..." म्हणाले आणि माइक माझ्या हातात देऊन खाली बसले. डोळ्यांतून पाणी चाललेलं. आम्ही सगळेच रडलो. वैनी तर चहाच्या भांड्याआड तोंड लपवून रडत होत्या.

अण्णांना दोन शब्द बोलायला सांगितलं. फेटा बांधलेले अण्णा उठले. माइक बाजूला सारला, त्यांना कसली गरज! म्हणाले, "कार्यक्रम झकास झाला. चहात साखर कमी हुती." आणि बसले.

मग हलगी वाजली, अण्णा गाडीत बसले, आम्ही हात हलवले. गाडी सुरू झाली आणि दहा फुटांवर थांबली. पुढं ट्रॅफिक जाम! आम्ही गाडीबरोबर चालत गेलो, पुन्हा हात हलवले. गाडी पुन्हा थांबली. हलगीवाला दमला. हात हलवून हलवून आमचे खांदे भरून आले. शेवटी अण्णांनीच काच खाली केली आणि ओरडले, "जावा की आता! दुकानं उघडी टाकून कुटं चाललायसा?"

गाडी गेली. आम्ही परत आलो. समोर बंद शटर. पुढचे काही दिवस रस्त्याची रया गेल्यासारखी झाली. नाव घालून घ्यायला माणसं यायची, शटरकडं बघायची आणि भांडं तसंच घेऊन जायची. वैनींच्या हातून एक कप जास्त ओतला जायचा. मला तर काउंटरवर बसून समोर बघवेना, मी खुर्ची फिरवून परकरांकडं तोंड करून बसायला लागलो. फोनवर अण्णा "बरं हाय" एवढंच म्हणायचे. फोनवर ते हळू बोलायचे, त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

* * *

आणि मग आठवड्याभरानंतरची ती सकाळ. दुकान नुकतंच उघडलं होतं. अभिनंदनचा फोन आला. आवाज रडवेला.

"काका, अण्णा सकाळी उठून फिरायला म्हणून बाहेर पडले, ते अजून आलेले नाहीत! फोन घरीच ठेवलाय. सगळ्या बागा बघितल्या, सोसायटीतले सगळे शोधतायत. आता पोलिसांत जातोय."

एवढं मोठं पुणं, त्यात कमी ऐकू येणारा म्हातारा माणूस. मी इसाकभाईंना हाक मारली. त्यांनी उघडा मिक्सर तसाच टाकला. "चला, पुण्याला जाऊ. मी गाडी बघतो," म्हणाले. वैनींनी स्टोव्ह बंद करून देवीला नारळ बोलला. आपणच त्यांना हलगी लावून घालवलं, हे तिघांच्याही मनात होतं. गाडी मिळायला उशीर झाला. ड्रायव्हर जेवून येतो म्हणाला. दुपार झाली. इसाकभाई रस्त्यात येरझाऱ्या घालत होते. मी पुन्हा अभिनंदनला फोन लावला.

"काही कळलं?"

"नाही ना काका..."

तेवढ्यात समोर शटर वाजलं.

बघतो तर ढगळा निळा ट्रॅकसूट आणि पांढरे बूट घातलेला एक माणूस आमच्याकडं पाठ करून वाकलेला! शटर वर गेलं. माणसानं किल्ली ट्रॅकसूटच्या खिशात टाकली, आत उतरला, कळशी घेऊन बाहेर आला आणि खुंटीला अडकवली.

इसाकभाई धावलेच. "अण्णा! आवं, पुणं?"

"पुणं हाय की तितंच," अण्णा म्हणाले. "जरा बाजूला व्हा, फुडं उभं ऱ्हाऊ नगा. गिऱ्हाईक यायचा टाइम झाला."

फोन माझ्या कानालाच होता. पलीकडून अभिनंदन ओरडत होता, "काका! काय झालं? काय झालं काका? सापडले का?"

"सापडले," मी म्हटलं.

"कुठं आहेत? काय करतायत?"

मी फोनवर हात ठेवला. "अण्णा, अभिनंदन हाय. काय करतायसा म्हणून इचारतोय. काय सांगू?"

अण्णांनी दुसरी कळशी फडक्यानं पुसली, उजेडात धरून बघितली आणि अडकवली.

"सांग की," म्हणाले, "फिराय आलोय."